‘चाल’ हरवलेली पुस्तके

कोणत्याही जुन्या सार्वजनिक वाचनालयात संगीत नाटकांचे कपाट उघडून एखादे पुस्तक हाती घेतले, तर त्यातील पदांच्या डोक्यावर कंसात छापलेला एक त्रोटक निर्देश दिसतो. ‘चाल’ हा शब्द, त्यापुढे एखाद्या जुन्या पदाचे, लावणीचे वा कानडी गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द, आणि कोठे कोठे राग-तालांची नावे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ १८८२ साली रंगभूमीवर आले तेव्हा वाचकाला एवढा निर्देश पुरेसा होता. ती मूळ गाणी त्याच्या कानावरून गेलेली असत, त्यामुळे पुस्तक वाचता वाचता तो पद गुणगुणू शके. आज तो निर्देश मुका झाला आहे. ज्या गाण्याच्या चालीवर पद म्हणावे असे पुस्तक सांगते, ते गाणेच वाचकाला ठाऊक नाही. पुस्तक जागेवर आहे, त्यावर दाखल क्रमांक आहे, बांधणीही शाबूत आहे; परंतु त्याचा अर्धा भाग ग्रंथालयात नाही.

सार्वजनिक ग्रंथालयांच्या सभागृहांत गाण्याच्या बैठकी व्हाव्यात की नाही, ह्या प्रश्नाचा विचार ह्या अर्ध्या पुस्तकांच्या संदर्भात झाला पाहिजे. एरवी तो निव्वळ करमणुकीचा प्रश्न ठरतो, आणि करमणुकीसाठी शहरात अन्य जागा आहेत असे सांगून संस्थेचे कार्यकारी मंडळ मोकळे होते. वस्तुतः हा ग्रंथसंग्रहाचाच प्रश्न आहे. जे वाङ्मय गाण्यासाठी रचले गेले, त्याचे केवळ शब्द सांभाळून ग्रंथालयाचे कर्तव्य पुरे होते काय?

मराठीत अशा वाङ्मयाचा वाटा लहान नाही. किंबहुना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या मराठी पद्याचा फार मोठा भाग एकट्याने मनात वाचण्यासाठी लिहिलेलाच नाही. अभंग टाळ-मृदंगाच्या साथीने म्हणण्यासाठी, मोरोपंतांची आर्या कीर्तनकाराच्या मुखी येण्यासाठी, राम जोशी व होनाजी बाळा यांच्या लावण्या डफ-ढोलकीवर उभ्या राहण्यासाठी झाल्या. पुढे खाडिलकरांचे ‘मानापमान’ (१९११) आणि ‘स्वयंवर’ (१९१६) ह्या नाटकांतील पदांना अनुक्रमे गोविंदराव टेंबे व भास्करबुवा बखले यांच्या चाली लाभल्या. त्या चालींवाचून ही नाटके वाचणारा वाचक त्यांच्या लोकप्रियतेचे निम्मे कारण गमावून बसतो. वाळकेश्वरला जन्मलेले विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी वकिली बाजूला ठेवून, देशभर हिंडून घराणेदार बंदिशी मिळविल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत स्वरलिपीसह छापल्या. हे भाग अनेक वाचनालयांत आहेत. परंतु स्वरलिपी वाचू शकणारे सभासद किती, हा प्रश्न ग्रंथपालाला विचारण्याचीही गरज नाही. ज्याला ती वाचता येते त्यालाही तीवरून बंदिशीचा सांगाडाच हाती लागतो. तिचा उच्चार, तिचे वजन, तिची सावकाशी ह्या गोष्टी गळ्यावाचून कळत नाहीत.

शेजारी गाणे होते तेव्हा

गिरगावात ही उणीव पूर्वी भासत नसे, कारण पुस्तकाचा उरलेला अर्धा भाग वाचनालयाच्या बाहेर हाकेच्या अंतरावर ऐकू येत होता. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १८९८ सालची. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला काढलेल्या गांधर्व महाविद्यालयाची मुंबई शाखा १९०८ साली सुरू झाली. प्रा. बी. आर. देवधरांचे ‘स्कूल ऑफ इंडियन म्युझिक’ १९२५ साली निघाले. ऑपेरा हाउसच्या परिसरातील ह्याच शाळेत कुमार गंधर्वांनी बालवयापासून तालीम घेतली. ब्राह्मण सभेचा गणेशोत्सव, लक्ष्मीबागेतील मैफली, केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून चालत आलेला उत्सव आणि त्याचे अनुकरण करणाऱ्या असंख्य चाळी, यांमुळे ज्याच्या खिशात तिकिटाचे पैसे नसत अशा कारकुनाच्या व शिक्षकाच्याही कानांवर चांगले गाणे पडे. त्या काळच्या ग्रंथालयाने केवळ शब्द जपले यात काही चूक नव्हती. सूर जपण्याचे काम शेजार करीत होता.

तो शेजार आता राहिलेला नाही. चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत आणि मनोऱ्याला चौक नसतो, वाहने ठेवण्याचे मजले असतात. चाळींतील मराठी कुटुंबे बोरिवली, डोंबिवली आणि त्याही पलीकडे गेली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरील ध्वनिक्षेपकांना बंदी केली. काही दिवसांची सवलत सोडता रात्रभर चालणाऱ्या उघड्या मैफली त्यामुळे आटोपल्या. नियम योग्यच आहे, रुग्णाची आणि विद्यार्थ्याची झोप मैफलीहून मोलाची आहे. परंतु ह्या साऱ्याचा एकत्रित परिणाम असा की शब्द ग्रंथालयात आणि सूर शेजारात ही जुनी वाटणी मोडली असून, सुरांचा वाटा आज कोणाच्याच पदरी नाही.

गिरणगावची बाजू

हा विचार गिरगाव-दादरपुरता ठेवला तर तो एकांगी होईल. परळ-लालबागमध्ये गाणे याहून दाट होते. कोकणातील गावकऱ्यांच्या मंडळांच्या खोल्यांमध्ये वारावारी भजन चाले, आणि तुकारामांची गाथा ज्यांनी कधी उघडली नाही अशा कामगारांना तिच्यातील अभंग चालीसकट पाठ असत. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने पोवाडा आणि लावणी गिरणीच्या दारात आणली. त्यांच्या रचना आज पुस्तकरूपाने उपलब्ध आहेत आणि त्यांवर परीक्षेत प्रश्नही विचारले जातात. पण त्या कशा म्हटल्या जात हे सांगणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत.

येथे एका जुन्या संस्थेचे स्मरण करणे उचित होईल. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रशाळा आणि फिरती वाचनालये चालविली आणि त्याच संस्थेच्या परळच्या आवारात १९२२ साली दामोदर सभागृह उभे राहिले. कामगार रंगभूमी, कोकणचे नमन-खेळे, शक्ती-तुऱ्याचे सामने यांचे ते हक्काचे ठिकाण झाले. पुस्तक, शाळा आणि रंगमंच ही एकाच लोकशिक्षणाची अंगे आहेत हे त्या संस्थेच्या संस्थापकांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या गेल्या, गिरण्यांबरोबर खोल्या गेल्या आणि खोल्यांबरोबर भजनी मंडळे पांगली. दामोदर नाट्यगृहही २०२३ साली पुनर्बांधणीसाठी बंद झाले, तेव्हा रंगकर्मींना आंदोलन करावे लागले. ज्या वस्तीने शहराला इतके गाणे दिले, तिच्याजवळ आज ते गाणे ऐकण्यासाठी परवडणारी जागा किती उरली आहे, हे मोजण्यास एका हाताची बोटेही पुरेशी व्हावीत.

माग आणि तबला

जिवंत गाणे महाग का होत जाते, याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रयोगकलांची एक मूलभूत अडचण मांडली. यंत्रामुळे कारखान्यात दरमाणशी उत्पादन वाढते आणि त्या प्रमाणात वेतन वाढू शकते. कलेत तसे होत नाही. परळच्या वाचकाला हे गिरणीच्या उदाहरणाने सहज पटेल. एका विणकराने अधिक माग सांभाळावेत ह्या मालकांच्या आग्रहावरून १९२८ चा मोठा संप पेटला. अखेर मागांची संख्या वाढलीच. परंतु तबलजीने एकाच वेळी दोन गायकांची साथ करावी, असे कोणताही मालक सांगू शकत नाही. तासाभराच्या ख्यालाला शंभर वर्षांपूर्वी तीन माणसांचा एक तास लागे, आजही तितकाच लागतो. इतर सर्वत्र उत्पन्ने वाढत असता कलावंताने जुन्या बिदागीवर जगावे असे म्हणता येत नाही. म्हणून गाण्याचा सापेक्ष खर्च चढत जातो. मग एकतर तिकीट महाग होते आणि शिक्षक-विद्यार्थी बाहेर राहतात, किंवा पुरस्कर्त्याची पाटी लागते आणि त्याला गर्दी खेचणारी नावेच हवी असतात. दोन्ही प्रकारांत अप्रसिद्ध पण जाणकार गायक आणि अप्रसिद्ध पण मोलाची पदे बाजूस पडतात.

ह्या खर्चातील जो घटक कमी करता येतो तो म्हणजे जागा. दादर सार्वजनिक वाचनालयाचा धुरू हॉल, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचे सुरेंद्र गावसकर सभागृह, १९३५ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी साहित्य संघाची केळेवाडीतील १९६४ सालची वास्तू, ह्या जागा पूर्वसूरींनी वर्गणी जमवून उभ्या केल्या आहेत. त्यांचा भांडवली खर्च केव्हाच होऊन गेला. अशा सभागृहाची रिकामी गेलेली संध्याकाळ साठवून ठेवता येत नाही. ती गेली की गेली. साहित्य संघाने संगीत नाटकांची परंपरा जपली हे सर्वश्रुत आहे, आणि अन्यत्रही व्याख्याने, प्रकाशने, प्रसंगी गाणी होतात. उणीव आहे ती नियमितपणाची आणि ग्रंथसंग्रहाशी जोडलेल्या योजनेची.

ही कल्पना नवखी नाही. वॉशिंग्टन येथील ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ ह्या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात एलिझाबेथ स्प्रेग कूलिज ह्या महिलेच्या देणगीतून १९२५ साली, म्हणजे देवधरांची शाळा निघाली त्याच वर्षी, एक संगीतसभागृह बांधण्यात आले. संग्रहात स्वरलिपींच्या असंख्य प्रती असता त्या कोणाच्या कानी पडू नयेत हे त्या बाईंना विसंगत वाटले असल्यास नवल नाही. १९३५ साली त्याच ग्रंथालयाला स्ट्रॅडिव्हॅरी ह्या प्रख्यात कारागिराने घडविलेली पाच वाद्ये भेट मिळाली, ती काचेआड ठेवण्यासाठी नव्हे तर वाजविण्यासाठी. ॲरन कोपलंड यांची ‘ॲपलाशियन स्प्रिंग’ ही नृत्यरचना १९४४ साली प्रथम ह्याच सभागृहात सादर झाली. श्रीमंत राष्ट्राची उदाहरणे आपल्याला परवडत नाहीत हे खरे. परंतु त्यातील तत्त्व फुकट घेता येते.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप शांततेचा आहे आणि तो सर्वांत गंभीर आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांत वाढणाऱ्या विद्यार्थ्याला अभ्यासिका हीच एक शांत जागा असते. शांतता ही ह्या शहरातील दुर्मीळ वस्तू असून तिचे वाटप श्रीमंतांच्या बाजूने झालेले आहे. म्हणून ज्या वाचनालयाजवळ दार लावून घेता येईल असे स्वतंत्र सभागृह नाही, त्याने गाण्याचा विचार करू नये. करावा तर देवघेवीचे व अभ्यासिकेचे तास संपल्यानंतरच. फेब्रुवारी व मार्च हे परीक्षांचे महिने पूर्णपणे वगळावेत. आणि सभागृह कितीही मोठे असो, ध्वनिक्षेपक लावू नये. शंभर माणसांसाठी मनुष्याचा गळा पुरतो, हे पूर्वीच्या गायकांनी सिद्ध केलेले आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. उदाहरणादाखल हिशेब मांडून पाहावा. गायक, तबलजी व संवादिनीवादक यांचे मिळून मानधन बारा हजार आणि किरकोळ खर्च दोन हजार धरला, तर एका बैठकीस चौदा हजार रुपये लागतील. शंभर श्रोत्यांनी प्रत्येकी पन्नास रुपये दिले तर पाच हजार जमतील. तूट नऊ हजारांची. परीक्षेचे दोन महिने सोडून वर्षात दहा बैठकी केल्या तर तूट नव्वद हजारांवर जाते. तीनशे रुपयांचे एक पुस्तक धरल्यास ही तीनशे पुस्तकांची किंमत झाली. हा आकडा झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ग्रंथखरेदीच्या निधीला हात लावून गाणे करणे हा दरोडाच ठरेल. परंतु चार वाचनालये एकत्र आली आणि तोच कार्यक्रम गिरगाव, दादर व परळ असा फिरला, तर पदे शोधण्याचा व बसविण्याचा खर्च एकदाच होतो आणि कलावंताला चार ठिकाणचे काम मिळते. ज्या संस्था विक्री-प्रदर्शनांसाठी सभागृह भाड्याने देतात, त्यांनी वर्षातील ठरावीक दिवसांचे भाडे ह्या कामी राखून ठेवावे. उरलेली तूट नामनिर्देशित देणगीतून भरून निघणे अशक्य नाही.

तिसरा आक्षेप असा की ध्वनिमुद्रणे घरबसल्या मिळत असता हा खटाटोप कशाला? ह्याचे उत्तर ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातच आहे. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत आणि कंपनी खपणारी पदेच निवडी. किर्लोस्करांच्या काळी एकेका नाटकात शंभराहून अधिक पदे असत. त्यांतील मूठभर टिकली. लालबागच्या भजनी मंडळाची चाल किंवा शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जवाबाची पद्धत तबकडीवर येण्याचा प्रश्नच बहुधा उद्भवला नाही. शिवाय मुद्रणाला प्रश्न विचारता येत नाही. हीच ओळ जुन्या पद्धतीने पुन्हा म्हणून दाखवा, अशी विनंती समोर बसलेल्या गायकालाच करता येते.

काय करता येईल

ह्या साऱ्यातून एक साधी योजना निघते. प्रत्येक बैठक संग्रहातील एखाद्या पुस्तकावर आधारलेली असावी: एकदा एखादे संगीत नाटक, एकदा भातखंड्यांच्या मालिकेतील एका रागाच्या बंदिशी, एकदा गाथेतील अभंग, एकदा शाहिरांच्या रचना. जाणकाराने दहा मिनिटे पुस्तकाची ओळख करून द्यावी, गायकाने दीड तास गावे, आणि ती पुस्तके त्याच दिवशी देवघेवीसाठी टेबलावर मांडलेली असावीत. सभासद नसलेल्यांनाही प्रवेश असावा. विद्यार्थ्यांकडून पैसे घेऊ नयेत. कलावंताला मानधन मिळालेच पाहिजे; शाल-श्रीफळ हा मानधनाला पर्याय नव्हे. प्रत्येक पदाची चाल कलावंताच्या लेखी संमतीने ध्वनिमुद्रित करून त्या पुस्तकाच्या नोंदीशी जोडावी, म्हणजे पुढील वाचकाने ते पुस्तक मागितले की त्याचा दुसरा अर्धा भागही त्याला मिळेल. आणि निवड करताना गिरगाव व दादरच्या पांढरपेशा अभिरुचीने गिरणगावाला पाहुण्यासारखे वागवू नये. आजवर ग्रंथालयांच्या व्यासपीठांवर शास्त्रीय गायकाला गादी आणि शाहिराला एखाद्या जयंतीपुरते निमंत्रण, असा भेद होत आला आहे. परळच्या वाचनालयात नाट्यपदे आणि गिरगावात शक्ती-तुरा ऐकविला गेला, तरच ह्या योजनेला सार्वजनिक म्हणता येईल.

शासनाचाही ह्यात वाटा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा असून तो १ मे १९६८ पासून अमलात आला. मद्रास प्रांताने १९४८ साली, कर्नाटकाने १९६५ साली आणि केरळने १९८९ साली आपापल्या कायद्यांत ग्रंथालय-कराची तरतूद केली. महाराष्ट्राने ती केली नाही, त्यामुळे येथील ग्रंथालये वार्षिक अनुदानाकडे डोळे लावून बसतात. हे अनुदान ‘अ’ ते ‘ड’ अशा वर्गांनुसार मिळते, आणि वर्ग ठरविताना मुख्यतः ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिके, कामाचे तास यांसारख्या गोष्टी पाहिल्या जातात. संग्रहाशी निगडित श्रवणकार्यक्रम आणि स्थानिक चालींचे मुद्रण यांना ह्या मोजमापात स्थान दिले, तर फारसा नवा खर्च न करता ग्रंथालयांना योग्य दिशा मिळेल.

गांधर्व महाविद्यालयासाठी पलुस्करांनी मुंबईत कर्ज काढून मोठी वास्तू बांधली. कर्ज फिटले नाही आणि ती वास्तू हातची गेली. त्यांच्या शिष्यांनी मात्र मिळेल त्या जागेत शिकविले, आणि त्यामुळे विद्या टिकली. ह्या अनुभवाचा अर्थ इतकाच की नवे कलाभवन मागण्याची गरज नाही. सभागृहे आहेत, पुस्तके आहेत, गाणारी माणसेही अद्याप आहेत. पहिल्या दोन गोष्टी आणखी वीस वर्षांनीही जागेवर असतील. तिसरीबद्दल तसे म्हणता येत नाही. म्हणून ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांनी हा विषय पुढील वार्षिक सभेवर न ढकलता चालू वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, हे बरे.